भुईकडूच्या मोळ्या

१

अदितीने कुलूप काढलं, दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. होळीच्या सुमारास तिने स्वतः छतापर्यंत रचून ठेवलेल्या मोळ्यांपैकी खोलीत एकही नव्हती. कुलूप शाबूत होतं, खिडकीची जाळी जशीच्या तशी होती. आणि जमीन इतकी लख्ख झाडलेली, की या खोलीत कधी काही ठेवलंच नव्हतं असं वाटावं.

ही खोली अंबाडी गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यावरच्या समाजमंदिरामागची. मोळ्या होत्या भुईकडूच्या. हातभर उंचीचं, चौकोनी देठाचं हे झुडूप. त्याच्या सावलीत गवताची काडी उगवत नाही, हे पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात असं काय आहे, ते चिंतामणी केळकरने टेमघरच्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत शोधून काढलं होतं. त्याचा अर्क लावणीआधी खाचरात शिंपडला की तण वर येत नाही, विकतच्या तणनाशकाचं तोंड बघायला नको. दोन पावसाळे पाड्यावरच्या शेतांत हा प्रयोग झाला होता. हा तिसरा, शेवटचा. तो पार पडला असता तर अर्क काढायचं केंद्र पाड्यावरच निघणार होतं, बायांना बारमाही काम मिळणार होतं, आणि जमिनी राहणार होत्या. नाहीतर गोदामवाली कंपनी टपलेलीच होती. भाडेपट्ट्यावर द्या, कलेक्टरच्या परवानगीचं आम्ही बघून घेऊ, असं त्यांचा माणूस दर महिन्याला येऊन गोड बोलून जात असे.

त्या कंपनीच्या रस्त्यासाठी भुईकडूची अख्खी उतरण होळीआधीच जेसीबीने खरवडून टाकली होती. झाड डोंगरावर उरलंच नव्हतं. बियांसकट जे काही होतं ते त्या मोळ्यांत.

किल्ल्या तीन होत्या. एक चिंतामणीकडे, एक त्याच्या मदतनीस अदितीकडे, एक बायडीकडे. बायडी महिला गटाची प्रमुख, देवरामची बायको. पोलिसांनी फार डोकं चालवलं नाही. त्यांनी देवरामला उचललं, दोन दिवस चौकीत बसवलं आणि काही मिळेना म्हणून सोडून दिलं. पाड्याने मात्र सोडलं नाही. देवरामने शेवटचं बी विकलं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. लावणी तोंडावर आलेली. पाड्यावर लावणी सावडीने होते: आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. देवरामच्या शेतात यायला यंदा कोणी तयार नव्हतं, त्याचा सख्खा भाऊ बाबूसुद्धा नाही.

हे सगळं पाहून अदिती पाड्यावरून निघाली ती थेट टेमघरला नीलाबाईंच्या दारात आली.

२

नीलाबाई आठवले यांनी भिवंडीत तीस-एक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या तरी कॉपी पकडण्यातली त्यांची ख्याती अजून शाबूत होती. पोराच्या खिशात त्या कधी हात घालत नसत. नुसतं उत्तर वाचून, हे कुणाचं पाहून लिहिलं आहे, ते सांगत. चिंतामणी त्यांचा लाडका विद्यार्थी, अदिती शेवटच्या तुकडीतली. चिंतामणीचा घरात कौतुकाने उल्लेख झाला नाही असा आठवडा जात नसे.

त्यामुळे त्या आधी त्याच्याकडेच गेल्या. तो खचलेला दिसत होता. डोळे आत गेलेले, टेबलावर चहा गार झालेला. त्याने काही लपवलं नाही, निदान बाईंना तरी तसं वाटलं. चैत्रात गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी तो मातीचे नमुने घ्यायला पाड्यावर गेला होता. पाड्यावर चिटपाखरू नव्हतं, म्हणून पिशव्या त्याने एकट्यानेच भरल्या. निघताना खोली उघडून पाहिली तेव्हा मोळ्या जागेवर होत्या. म्हणजे चोरी त्यानंतरची.

"कुणाला दोष देऊ, बाई?" तो म्हणाला. "राबात जाळल्या असतील कुणीतरी. यंदा डोंगर गेला, पालापाचोळ्याची टंचाई आहे. त्यांच्या दृष्टीने पाला तो पाला."

भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो आधी भाजून घ्यायचा, हा तिकडचा राब. शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पाला, वरून मातीचा पातळ थर, आणि मग आग. बाईंना ते ऐकून माहीत होतं. चिंतामणीचं म्हणणं त्यांना पटलंही. इतक्या मोठ्या मनाने बोलतो म्हणून मनातल्या मनात त्यांनी त्याचं कौतुकसुद्धा केलं.

दुसऱ्या दिवशी त्या अदितीबरोबर पाड्यावर गेल्या. रिकामी खोली पाहून पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठी पडली. चोर माल नेतो, मागे झाडू मारत नाही.

बायडी ओट्यावर बसून बोलली, पण नजर वर करत नव्हती. किल्ली तिच्या कमरेला असते, कोणाला दिली नाही. जत्रेला अख्खा पाडा गावदेवीला जातो, रात्र तिथेच काढतो. अदितीही तिच्याबरोबर होती. सकाळी परत आले आणि आल्या आल्या राब पेटवला, तो दिवस शुभ म्हणून. यंदा राब पातळच होता. तरी एका कडेला तो दोन दिवस धुमसत राहिला, का ते कळलं नाही. अदितीची तिला माया होती. राब रचायला ही पोर डोक्यावर भारे घेऊन मदतीला होती, आणि गेल्या वर्षी वाटेतली भुईकडूची एक डहाळी तिने वर टाकली तेव्हा बायडीने तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. ते आठवून दोघी क्षणभर हसल्या. त्या घरात त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

देवराम बोलायलाच तयार नव्हता. तो मागच्या दारी नांगराच्या फाळाशी खटपट करत बसला होता. बाई त्याला ओलांडून त्याच्या राबाच्या तुकड्याकडे गेल्या. रोपं वीतभर वर आली होती, हिरवीगार. फक्त डोंगराकडच्या कडेला एक लांबट पट्टा उघडा होता. तिथे एकही रोप नव्हतं.

बाईंनी पदर खोचला, खाली बसून बोटांनी माती उकरली आणि एक अर्धवट जळलेली काडी वर काढली. काडीला चार कोपरे होते.

३

काडीच्या शेजारी काळे, काचेसारखे कडक मणी सापडले. बाईंनी एक दाताखाली धरून पाहिला आणि अदितीला विचारलं, मोळ्या कशाने बांधल्या होत्या? अदितीचा चेहरा उतरला. कामतघरच्या एका लूमवाल्याकडून चिंतामणीसर टाकाऊ पॉलिस्टर सूत आणत असत, त्याने. पाड्यावर भारा बांधतात तो वेलीने किंवा सालीने. वेल जळून राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि असे मणी होतात.

मोळ्या मिळाल्या होत्या. देवरामच्या राबात.

त्या मागे वळल्या तेव्हा देवराम पाठीमागेच उभा होता. तो पळाला नाही, की त्याने आवाजही चढवला नाही.

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "राब विझला तवाच काड्या दिसल्या. मीच पेटवला ना राब. मंग कोणाला सांगू? कोण मानंल?"

त्याने ते बायडीलासुद्धा सांगितलं नव्हतं. चौकीतही तो गप्प बसला, कारण सत्य सांगितलं असतं तर त्याला सोडलंच नसतं.

परतताना अदिती रिक्षात रडत होती. बाईंनी अंबाडी नाक्यावर रिक्षा थांबवली आणि केसरीनाथच्या दुकानात शिरल्या. केसरीनाथ खतं आणि तणनाशकं विकायचा, आणि गोदाम कंपनीसाठी जमिनी जुळवून द्यायचा. चोरीचा फायदा कुणाला, असं विचारलं तर बोट पहिलं त्याच्याकडेच जावं. त्याने बाईंना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि मोळ्या एका राबात जळल्याचं बाईंकडून ऐकून तो हसला. मोळ्या चोरायची त्याला गरज काय, असं त्याचं म्हणणं. पाड्यावरची पोरं आधीच गोदामात ड्युटीला जातात. त्याला फक्त वाट बघायची होती.

"आनि मॅडम, मी शेतकऱ्याचा पोर हाय," तो म्हणाला. "वैर असला तरी दुसऱ्याच्या राबात हात घालनार न्हाय. रोप मारनारा मानूस आमच्यात न्हाय होत."

बाईंना तो माणूस अजिबात आवडला नाही. पण त्याचं ते शेवटचं वाक्य घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या डोक्यातून जाईना.

४

टेमघरला येऊन त्यांनी पिठलं टाकलं आणि ते करपवलं. विचारांच्या नादात त्यांचं स्वयंपाकाचं नेहमीच असं व्हायचं.

देवरामने मोळ्या जाळल्या हे खरं. पण त्याने त्या राबात घातल्या का? भुईकडूखाली काही उगवत नाही हे ज्याला कळायला लागल्यापासून माहीत आहे, तो आपल्याच रोपांच्या जागेत ते पुरेल कसा? एक डहाळी पडली म्हणून ज्या घरात पोरीला बोलणी बसतात, त्या घरातला माणूस तर नाहीच. बायडी नाही, बाबू नाही, पाड्यावरचं कोणीच नाही. केसरीनाथही नाही. हे ज्याने केलं त्याला राब ऐकून, वाचून माहीत होता. रचून, पेटवून नाही. त्याला वाटलं आग म्हटली की सगळं जळून जातं, नावनिशाणी राहत नाही. राबाची आग मातीखाली धुमसते, खालच्या काड्या अर्ध्या कच्च्या राहतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. शिकलेल्या माणसानेच करावी अशी ही चूक होती.

शिकलेली माणसं दोन. अदितीला बायडीने तोंडावर सांगितलेलं, आणि जत्रेच्या रात्री ती बायडीजवळच होती.

बाई कढईसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. जत्रेच्या दिवशी मोळ्या खोलीत होत्या, असं चिंतामणी म्हणाला होता. दुसऱ्या सकाळी त्या राबाबरोबर पेटल्या. मधल्या वेळात पाडा ओस होता, आणि तिथे एकच माणूस होता, किल्लीसकट, गाडीसकट. चोरी अलीकडची वाटावी म्हणून तो एक खोटं बोलायला गेला आणि त्यातच अडकला. आणि राबाचं नाव सगळ्यांत आधी कोणी काढलं होतं? पाला तो पाला, असं कोण म्हणालं होतं? कॉपी पकडल्यावर बाईंना एरवी बरं वाटायचं. आज नाही वाटलं.

पण का? स्वतःच्या आयुष्याचं काम माणूस स्वतः का जाळेल? आणि जाळून वर खोली झाडेल, एक बीसुद्धा राहू नये म्हणून?

पाड्यावरून त्यांनी दोन पुड्या माती आणली होती. एक राबाच्या उघड्या पट्ट्यातली. दुसरी नुसती तुलनेसाठी, देवरामच्या मोठ्या खाचरातली, जिथे दोन वर्षं प्रयोगाची पाटी होती आणि जिथे यंदाची लावणी व्हायची होती. बाईंनी तीन वाट्या घेतल्या. दोहोंत त्या पुड्यांतली माती, तिसरीत आपल्या कुंडीतली. तिन्हींत भिजवलेलं भात पेरून त्यांनी वाट्या खिडकीत ठेवल्या.

कुंडीच्या मातीतलं भात चांगलं तरारून वर आलं. राबाच्या मातीतलं कुजलं, ते अपेक्षित होतं. खाचराच्या मातीतलं भातही कुजलं.

५

बाईंनी ती वाटी तशीच उचलली, प्रयोगशाळेत नेली आणि चिंतामणीच्या टेबलावर ठेवली. त्याने आत डोकावून पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"कधी कळलं तुला?" बाईंनी विचारलं.

"थंडीत." त्याचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्या वर्षी माती सगळा अर्क जिरवून संपवते असं दिसलं होतं. तसं नव्हतं. ती धरून ठेवते, बाई. दर वर्षी थोडा वाढत जातो. आधी तण मरतं, मग भाताचं मूळ."

गेल्या वर्षी पीक थोडं उतरलं ते पावसाने, असं सगळे म्हणाले. तोही तसंच म्हणाला होता, तेव्हा त्याचा त्यावर विश्वासही होता. जत्रेच्या दिवशी त्याने नेलेली माती ही शेवटची खात्री करायला होती. पण मनातून तो आधीच हरला होता. डोळ्यांसमोर मोळ्या होत्या, पाड्यावर कोणी नव्हतं, राब रचून तयार होता. बी उरलं तर कोणीतरी ते पुन्हा लावेल, पुन्हा शिंपडेल, म्हणून त्याने खोली झाडून काढली. तेवढं त्याने मनापासून केलं होतं.

बाईंनी विचारलं, मग सरळ सांगितलं का नाहीस?

"फसलेल्या औषधावर कोणी विश्वास ठेवत नाही. चोरीला गेलेल्यावर ठेवतात. मिळेल कधीतरी, दुसऱ्या डोंगरावर सापडेल, अशी आशा राहिली असती. आशेवर त्यांनी जमीन राखली असती, तोवर माती आपोआप सुधारली असती. कदाचित."

"आणि देवराम?"

चिंतामणीने वाटी बाजूला सरकवली. राब कुणाचा हे त्याने पाहिलं नव्हतं, डोंगराकडचा म्हणून निवडला. देवरामला नेल्याचं कळलं तेव्हा रोज सकाळी तो ठरवायचा की आज सांगू, आणि रोज काहीतरी निघायचं. बाईंना त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली, आणि लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. त्यांनी दोन्ही केलं नाही.

खरी अडचण त्यांना आता कळत होती. देवराम निर्दोष आहे असं सांगायचं तर मोळ्या कोणी जाळल्या ते सांगावं लागणार. का जाळल्या तेही. एकदा ते सांगितलं की पाड्याची उरलीसुरली आशा आपल्याच हाताने खुडायची. गप्प बसावं तर जमीन आणखी वर्षभर टिकेल, आणि देवराम जन्मभर चोर राहील.

त्या रविवारी पाड्यावर सगळे जमणार होते. देवरामचं काय करायचं आणि कंपनीला काय सांगायचं, दोन्ही त्याच बैठकीत ठरणार होतं.

"तू येणार आहेस," बाई म्हणाल्या. चिंतामणीने होकारार्थी मान हलवली.

६

समाजमंदिरात बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसले होते. देवराम दाराजवळ, एकटा. कंपनीचा माणूस केसरीनाथबरोबर बाहेर गाडीत बसून होता.

बाईंनी सगळं सांगितलं. चौकोनी काडी, वितळलेले मणी, जत्रेचा दिवस. राबात भुईकडू घालणारा माणूस या पाड्यावरचा असूच शकत नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माना डोलल्या. एका म्हातारीने देवरामकडे बघून डोळे पुसले. मग बाईंनी वाट्यांचं सांगितलं आणि माना डोलायच्या थांबल्या. चिंतामणी उभा राहिला. बाई सांगतात ते खरं आहे, एवढंच तो म्हणाला. हात जोडायला गेला, पण ते त्याला नीट जमलं नाही.

कोणी त्याच्या अंगावर धावून गेलं असतं तर बरं, असं नीलाबाईंना वाटलं. कोणी उठलं नाही. यांना रागावण्याइतकीसुद्धा आशा उरलेली नव्हती.

"साहेब," बायडीने विचारलं, "जमीन बरी कवा व्हनार?"

"सांगता येत नाही," चिंतामणी म्हणाला. "माझ्याकडे त्यावर काही नाही."

 जणू आणखी काही येईल म्हणून बायडी थोडी थांबली, आणि मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

बाबू जागेवरून उठला आणि भावाजवळ जाऊन उकिडवा बसला. त्याला माफी मागायची होती, पण त्याला तसले शब्द येत नव्हते. उद्या सगळे तुझ्या लावणीला येतो, असं तो कसंबसं म्हणाला.

"कसली लावनी?" देवराम म्हणाला.

 प्रयोगाची पाटी बाबूच्याही शेतात होती, इतरांच्याही होती. बाया एकमेकींकडे बघत होत्या. हळूहळू ते एकेकाच्या लक्षात येत गेलं, आणि ज्याच्या लक्षात येई तो मान खाली घाली.

देवराम उठला, बाहेर गेला आणि कंपनीच्या माणसाला आत घेऊन आला. तो माणूस गांगरून कागद सावरत बसला. त्याने भावाची बोलणी तयार ठेवली होती, ती कोणी ऐकायला मागेना. सही कुठे करायची, एवढंच देवरामने विचारलं. अदिती मधे पडली. घाई करू नका, दुसरं कोणी तपासू दे, मी पुन्हा शिकून बघते, असं काहीबाही ती बोलत राहिली. नीलाबाईंनी तिचा दंड धरून तिला गप्प केलं, कारण पुढे काय बोलायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"राहू दे, पोरी," देवराम म्हणाला. चोरीच्या आरोपातून सुटलेला माणूस थोडा सुखावलेला दिसावा, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. "गोडावूनला काय, माती कसली बी चालते."

त्याने सही केली आणि पेन बाबूकडे दिलं.